तीन वर्षांत इंजिनिअर

भावाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून तळाला गाळ किती बसलाय ते बघत होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी ही खोड जात नाही. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात माझी उभी हयात गेली. टाकी दिसली की मला आधी तिचा संशय येतो, पाणी मग दिसतं.

"अक्का, मोबाइलवर एक बायोडाटा टाकलाय, बघ की जरा," भाऊ म्हणाला. तो जळकोटला शाळामास्तर. आवाजातून आनंद नुसता सांडत होता. "कळंबची माणसं हायती. आपल्यातलीच. पोरगा जर्मनीत इंजिनिअर हाय."

"पोरगी काय म्हणते?"

"तिचं त्याच्याशी दोन-चारदा बोलणं झालंय फोनवर. तिला पसंत हाय. पण म्हणती, आत्या व्हय म्हणल्याबिगर मी पुढं पाऊल टाकणार न्हाय."

आमच्या घरात स्थळ पारखायची एक रीत आहे. मुलगा ज्या धंद्यातला, त्याच धंद्यातल्या आपल्या माणसानं त्याला पारखायचं. शिक्षकाचं स्थळ आलं की भाऊ जाणार. ड्रायव्हरचं आलं की एसटीतले चुलते जाणार आणि आधी त्याच्या डोळ्यांबद्दल चौकशी करणार. इंजिनिअरचं आलं की मी. भाची शिकून तयार होईपर्यंत घरात इंजिनिअर म्हणजे मी एकटीच होते.

ही भाची अकरावी-बारावीला माझ्याकडंच होती, उमरग्यात. माझं लग्न राहूनच गेलं, त्यामुळं घरात आम्ही दोघीच. रात्री मी तिला गणितं घालायची आणि ती मला स्वयंपाकातल्या चुका सांगायची. पुढं तिनं मेकॅनिकलला बी.ई. केलं, चार वर्षं, आणि पुण्यात एका कारखान्यात लागली. लग्नाबद्दल तिची अट एकच होती: इंजिनिअर म्हणूनच काम करीन, कुणासाठी नुसत्या भाकरी थापायला मी कुठं जाणार नाही. ती अट तिनं मलाच आधी सांगितली होती. त्यामुळं हे स्थळ पारखायचं म्हणजे काय पारखायचं ते मला पक्कं माहीत होतं.

चष्मा लावून बायोडाटा उघडला. उंची, रंग वाचून झालं; गोत्राची भानगड आमच्यात नाही, ते एक बरं. मग शिक्षण. 'बी.एस्सी., मेकॅनिकल इंजिनिअरिंग, जर्मनी. तीन वर्षं.'

मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, ओरडलीच.

बी.एस्सी. म्हणजे आपल्याकडं काय? फिजिक्स, केमिस्ट्री घेऊन तीन वर्षं कॉलेज करायचं, मग बी.एड. करायचं नाहीतर बँकेच्या परीक्षा देत बसायचं. बी.एस्सी. झालेला माणूस वाईट नसतो, पण तो इंजिनिअर नसतो. इंजिनिअर म्हणजे बी.ई., नाहीतर बी.टेक. चार वर्षं. तीन वर्षांत जो होतो त्याला डिप्लोमावाला म्हणतात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण मी स्वतः डिप्लोमावाली आहे.

दहावी झाल्यावर तीन वर्षं तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकले आणि कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. साइटवर गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, मला इंजिनिअर बाई म्हणायचे. टाकीच्या शिडीवर साडी खोचून चढणारी बाई त्यांनी आधी पाहिली नव्हती. ऑफिसात मात्र डिग्रीवाले आणि डिप्लोमावाले ही दोन गावं होती आणि मध्ये वेस होती. भावाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं हौसेनं पत्रिकेत माझ्या नावाआधी 'इंजि.' छापून आणलं. मी पण खुळी, मोठ्या आनंदानं ऑफिसात पत्रिका वाटल्या. आमचे उपअभियंता साहेब डिग्रीवाले. त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि सगळ्या स्टाफसमोर खड्या आवाजात वाचायला लागले. माझ्या नावापाशी थांबले. म्हणाले, "बाई, डिग्री कधी केलीत? आमाला पेढे न्हाय दिले ते."

सगळे हसले. पाणी भरणारा शिपाईसुद्धा हसला. मी पण हसले, दुसरं काय करणार?

त्यानंतर आमच्या घरात जितकी लग्नं झाली तितक्या पत्रिकांत माझं नाव बोडकं. कुणी तहसील ऑफिसात शिपाई असला तरी त्याच्या नावापुढं कंसात काहीतरी असतं. माझ्या नावाला मागं-पुढं काही लावायचं नाही, असं मीच बजावून ठेवलं होतं. तर असं सगळं असताना कुणी मुलगा तीन वर्षं शिकून खुशाल स्वतःला इंजिनिअर म्हणवतो, आणि तेही माझ्या भाचीसाठी! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

भावाला म्हणाले, "घाई करू नकोस. इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

चौकशीला मी स्वतः कळंबला गेले. मुलाचे वडील पोस्टातून रिटायर झालेले, विहाराजवळच्या गल्लीत घर, इतकं भावाकडून कळलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणीसारखी चौकशीची जागा दुसरी नाही; दळण होईस्तोवर माणूस बोलतंच. बहाणा पाहिजे म्हणून मी उमरग्याहून पिशवीत ज्वारी घेऊन गेले होते.

"नव्या का तुमी इथं?" गिरणीवाल्या बाईनं विचारलं.

"भाड्यानं घर बघतीय. शेजार कसा हाय?"

"शेजार लई चांगला. ते समोरचे पोस्टातले, देवमाणूस. पोरगा जर्मनीला असतो."

"असं! काय शिकलाय?"

"काय तरी बी.एस्सी. की काय. लई गुणाचं लेकरू. पण त्याला तिथं बारावी परत करावी लागली म्हणं, वर्षभर. त्याची आईच सांगत होती. लई रडला होता तवा फोनवर."

घ्या! बी.एस्सी. तर बी.एस्सी., वर बारावी दोनदा. बारावी परत करायची म्हणजे त्याला आमच्या भाषेत एकच शब्द आहे, नापास. आईनं 'तिथं परत करावी लागली' असं म्हणून शेजारापाजारात झाकून नेलं असणार. मी गरम पीठ पिशवीत घेतलं आणि एसटी धरली. इतक्या लांबून दळून आणलेल्या त्या पिठाच्या भाकरी मी आठवडाभर खाल्ल्या, आणि एकेका भाकरीबरोबर माझी खात्री वाढत गेली.

हिवाळ्यात मुलगा सुट्टीवर आला आणि मंडळी जळकोटला भावाच्या घरी आली. मुलगा बारीक, चष्मा, केस कमी. सगळ्यांना जयभीम घातला, चप्पल नीट कडेला काढली. चहा झाल्यावर स्वतःची कपबशी उचलून मोरीत ठेवून आला. वहिनी माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ की! मी बघत होतेच. पहिल्याच भेटीत इतका चांगुलपणा? गुत्तेदारसुद्धा पहिलं बिल निघेपर्यंत असाच वागतो.

पोह्यांच्या बश्या हातात आल्या आणि मी सुरुवात केली.

"बारावीत नापास झाला होतास का?"

भावाला ठसका लागला. मुलाची आई एकदम ताठ बसली. मुलगा मात्र जरा गोंधळला आणि मग म्हणाला, "नाही मावशी. बारावीला चांगले मार्क होते मला. पण तिथली शाळा आपल्यापेक्षा वेगळी. आपली नुसती बारावी झालेल्याला ते बहुतेक वेळा सरळ इंजिनिअरिंगला घेत नाहीत. आधी एक वर्ष त्यांच्या तयारीच्या शाळेत गणित, फिजिक्स आणि त्यांची भाषा शिकायची. ती परीक्षा पास झालं की मग विद्यापीठ."

"म्हणजे आपली बारावी त्यांना खोटी वाटते?"

"खोटी नाही. अपुरी."

अपुरी. हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा होता. मी बशी खाली ठेवली.

"बरं. आणि बी.एस्सी. झालेला माणूस इंजिनिअर कसा?"

"तिथं विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलं की बहुतेकदा बी.एस्सी.च म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजातून केलं तर वेगळं नाव देतात. काम इंजिनिअरचंच."

"आणि तीन वर्षांत?"

"काहींना साडेतीन लागतात. पण हो, तीन."

उत्तरं सरळ होती, हीच तर अडचण होती. इतकी सरळ उत्तरं माणूस आधी घोकून आला तरच देतो. मग मी माझ्या प्रांतात शिरले. म्हणाले, "पाण्याची नवी टाकी आहे, काठोकाठ भरली. पहिल्या दिवशी बाहेरून कोरडी ठणठणीत. दोन-चार दिवसांनी तळाशी ओल दिसायला लागली. कुठून आली?"

त्यानं विचार केला, खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. आणि म्हणाला, "मला नाही माहीत. मी यंत्रांचं शिकलोय, बांधकामाचं नाही. कुठून येते?"

आता बघा. माझ्या सबंध नोकरीत एकाही डिग्रीवाल्याला 'मला माहीत नाही' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. न येणारी गोष्टसुद्धा ते छातीठोक सांगायचे, आणि चुकलं की गुत्तेदाराच्या नावावर टाकायचे. जो सगळ्यांच्या देखत, होणाऱ्या सासऱ्यासमोर, माहीत नाही म्हणतो तो कसला इंजिनिअर? मला आता पुरावा मिळाल्यासारखं वाटलं. तरी मुख्य प्रश्न राहिला होता.

"आमच्या पोरीला तिथं इंजिनिअरचं काम मिळेल?"

"काम मिळेल. भाषा शिकली तर नक्की मिळेल. पण..." तो थांबला, भाचीकडं बघितलं. भाचीनं मान हलवली, म्हणजे हे त्यांचं आधी बोलून झालेलं. "पण तिथं इंजिनिअर हा शब्द कुणालाही नावापुढं लावता येत नाही. कायदा आहे तसा. बाहेरच्या देशातली डिग्री असेल तर तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते. आधी डिग्री त्यांच्या बरोबरीची आहे का तपासतात. तोपर्यंत ती काम करू शकेल, पण स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येणार नाही."

माझं डोकंच सणकलं.

"वा रे वा! तू तीन वर्षं शिकून इंजिनिअर, आणि माझी पोरगी चार वर्षं घासून कुणीच न्हाय? तिची डिग्री तपासणार? कुणी रे, कुणी तपासणार? आधी बी.एस्सी., मग बारावी दोनदा, आणि आता हे! सरळ सांग की, हिला तिथं नेऊन घरात बसवायची आहे. उठा. मला हे स्थळ मान्य नाही."

कुणी उठलं नाही. पोहे तसेच गार झाले. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "बाई, जरा सबुरीनं घ्या." मुलगा खाली बघत होता. हळूच म्हणाला, "मावशी, आज सांगितलं नसतं तर तिथं गेल्यावर कळलंच असतं की."

हे बोलणंसुद्धा मला त्या वेळी पोचलेल्या माणसाचं वाटलं. मंडळी गेली. भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनी भांडी इतकी आपटत होती की मला राहवेना. पिशवी उचलली आणि उमरग्याला जायला हायवेवर येऊन उभी राहिले. मागून भाची आली. माझ्यासोबत एसटीत चढली.

बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत बसली. मी एकदा पाणी विचारलं, तिनं मानेनंच नको म्हटलं. रस्त्याच्या कडेला एका गावाची उंच टाकी दिसली तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ही तुझी ना?"

"व्हय. ही माझीच."

"पास कशी केली होतीस? गुत्तेदारानं सांगितलं म्हणून?"

"गुत्तेदाराच्या तोंडावर टाकी पास करायला मला काय येड लागलंय? पाणी भरायचं, काठापर्यंत. झाकण लावून सोडून द्यायचं. रोज येऊन बघायचं, पातळी उतरते का, कुठं ओल येते का. टिकली की पास."

"आणि पाणी भरायच्या आधीच, नुसता रंग बघून नापास केलीस अशी आहे का एखादी टाकी?"

पोरगी माझ्याच हाताखाली तयार झालेली, मला माझ्याच पान्यानं आवळत होती.

"आत्या, त्यानं आज जे सांगितलं ते मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही, कारण तू हे असंच करशील हे मला माहीत होतं." ती माझ्याकडं वळली. "माझी डिग्री तिथं चालते का, हे मला लग्नाच्या आधीच कळलं पाहिजे. मी ती तपासायला पाठवते. नाही चालली तर मीच नाही म्हणीन, तू म्हणायची गरज नाही. पण चालली, आणि तो बोलला तसंच निघालं, तर तू काय करशील?"

"आधी निघू तर दे."

"मग भर पाणी," ती म्हणाली आणि परत खिडकीकडं वळली.

मुलाच्या घरी निरोप गेला, की नाही म्हणालो ते मागं घेतो, पण हो पण म्हणत नाही, थांबा. ते थांबले. दुसरं कुणी असतं तर तोंडावर दार लावलं असतं, आणि माझी काही तक्रार नव्हती. ते थांबले म्हणून मला उलट वाटलं, दुसरं स्थळ मिळत नसेल.

त्या महिन्यांत मी त्या मुलाला रविवारी फोन करायचे. बोलायला नव्हे, तपासायला. माझी जुनी पद्धत आहे. सिमेंटच्या गोण्या किती लागल्या हे मी गुत्तेदाराला वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायचे. आज सरळ, उद्या हिशेबाच्या निमित्तानं, परवा गप्पांत सहज. खोट्या माणसाचं उत्तर बदलतं. तसंच याला विचारलं. कधी म्हणायचे, तुझ्या वर्गात किती जण तीन वर्षांत सुटले? कधी म्हणायचे, तिथं बी.एस्सी.वाल्याला इंजिनिअर लावताना कुणी अडवत नाही का? कधी, समजा भाचीला परवानगी मिळालीच नाही तर? उत्तर काही बदलेना. परवानगीच्या प्रश्नाला तो दर वेळी तेच म्हणायचा, की नाही मिळाली तर तिच्या अटीप्रमाणं दुसरा मार्ग शोधू, तिला घरात बसवणार नाही. वर म्हणायचा, हे लिहून पाहिजे असेल तर तसं देतो. मला त्याचा रागसुद्धा यायला लागला होता. एखाद्या वेळी तरी घसरावं की माणसानं!

आणि दर वेळी फोन ठेवताना विचारायचा, "मावशी, त्या टाकीला ओल कुठून आली ते तुम्ही सांगितलंच नाही."

"लग्न ठरलं तर सांगीन," मी म्हणायचे.

उन्हाळा संपता संपता भाचीच्या डिग्रीचा निकाल आला. ती बरोबरीची निघाली. कशाच्या बरोबरीची? तर तिथल्या बॅचलरच्या, म्हणजे त्याच्याच त्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.च्या. भाची आनंदानं रडत होती आणि भाऊ फोनवर माझ्यावर खेकसत होता, जसं काही ती संस्था मीच चालवते.

"अक्का, ह्यो कुठला न्याय हाय? माझी पोरगी चार वर्षं शिकली आन् त्यांनी तिला तिनाच्या बरोबर बसवलं? एक वर्ष कुठं गेलं माझ्या पोरीचं? त्या वर्षाची फी भरलीय म्या!"

मग मी त्याला बोटांवर समजावलं. आपल्या पोरीचं बारावीनंतर चार वर्षं. त्या मुलाचं बारावीनंतर ते एक तयारीचं वर्ष आणि मग तीन. दोघं एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. तिथल्या पोरांचं ते जास्तीचं शाळेतच शिकून होतं, म्हणून तिथं डिग्री तीनची. वर्ष कुठं गेलं नाही, त्यांनी ते शाळेत घातलंय, आपण कॉलेजात घातलंय. मास्तरच तो, शेवटी पटलं त्याला.

फोन ठेवल्यावर मी तशीच बसले होते आणि माझी बोटं अजून उघडीच होती. खोटं कशाला बोलू, तिथं तीन वर्षांत इंजिनिअर होतात हे पहिल्यांदा पटलं तेव्हा माझ्या मनाला एक चाटून गेलं होतं, की मी पण तीनच वर्षं शिकले होते. म्हणून आता माझं मोजून बघितलं. दहावी, आणि पुढं तीन. बसेना. कुठल्याही देशाच्या हिशेबानं माझं गणित बसत नव्हतं. वाईट वाटलं. बोटं मिटली आणि भावाला परत फोन लावला.

"तारीख काढ," म्हणाले. "पोरगा बोलला तेच निघालं."

मग त्या मुलाला लावला आणि सांगितलं, की ओल जोडातून येते. तळ आणि भिंत जिथं मिळतात तिथं आदल्या दिवशीचं काँक्रीट खरवडून साफ न करता त्यावर नवं ओतलेलं असतं. दोन्ही पक्की असतात, पण एकमेकांना धरत नाहीत. तो म्हणाला, "बरं झालं आत्या, वेळेत सांगितलंत." मावशीची आत्या कधी झाले ते कळलंच नाही.

आता भांडण पत्रिकेचं. आमच्याकडं पत्रिकेत वधूवरांच्या नावापुढं कंसात डिग्री नसेल तर लोक पत्रिका उलटी करून मागं बघतात. वधू बी.ई. आणि वर बी.एस्सी. असं छापलं तर जळकोटात काय बोलतील याची भावाला धास्ती. पोरगी जास्त शिकलेली आन् जावई कमी, असं म्हणतील. त्यानं जावयाला गळ घातली, की आपण बी.ई. जर्मनी छापू, कोण बघायला जातंय तिकडं? जावई म्हणाला, जे नाही ते नको. भाऊ म्हणाला, मग निदान इंजिनिअर छापू. तर भाची म्हणाली, डिग्री चालली तरी मला अजून तिथली परवानगी आलेली नाही, त्याला लावायचं आणि मला नाही, असं चालणार नाही. शेवटी दोघांनी ठरवलं, की दोघांच्या नावापुढं काहीच नको. भाऊ आठवडाभर धुमसत होता. मी त्यात पडले नाही. पत्रिकेच्या बाबतीत मी कधीच पडत नाही.

पत्रिका छापून झाल्यावर भाची एक दिवस उमरग्याला आली, गठ्ठा घेऊन. निळसर रंगाची पत्रिका, माथ्यावर आमच्या प्रत्येक घरात असतात ते दोन फोटो. मी चष्मा लावला आणि सवयीनं चुका शोधायला बसले. वधूवरांची नावं बोडकी, ठरल्याप्रमाणं. भावाच्या नावापुढं काही नाही. चुलत्यांच्या नाही, मामांच्या नाही, कंसात कुणाच्याच काही नाही. आणि खाली निमंत्रकांत माझं नाव. त्याच्याआधी 'इंजि.'

"हे बघ, चूक झालीय," मी म्हणाले. "छापणाऱ्यानं जुनी पत्रिका बघून केलं असणार. बदलून आण जा."

"चूक नाही."

"तुझ्या बापाचं काम का हे?"

"नाही. माझं. नवरदेवाला तुझी ती ऑफिसातली गोष्ट सांगितली होती मी. तो म्हणाला, पत्रिकेत एकच पदवी छापायची, आत्यांची."

"अगं, पण मी डिप्लोमा आहे! तुम्ही दोघं शब्दाशब्दाला कायदा काढता आणि इथं हे? बोटांवर मोजून बघितलंय मी, माझं नाही बसत."

"तो कायदा तिकडचा. इथं चाळीस गावं तुझ्या टाक्यांचं पाणी पितात, आणि साइटवर तुला काय म्हणायचे ते मी पण ऐकलंय लहानपणी. ते आम्ही छापलंय."

मी चिडले. "वाटायच्या आधी दाखवायचं होतं मला. अजून वाटल्या नाहीत ना?"

"एकच दिली." ती माझ्याकडं न बघता गठ्ठ्याची सुतळी परत बांधायला लागली. "काल धाराशिवला गेले होते. तुझ्या त्या साहेबांकडं. पहिली त्यांनाच दिली."

साहेब रिटायर होऊन धाराशिवला घर बांधून राहतात, इतकं मला ऐकून माहीत होतं. थकलेत म्हणे आता. मी चष्मा काढून पदराला पुसला. मग विचारलं, "मनात वाचली का मोठ्यानं?"

"मोठ्यानं. आतून काकूंना बोलावलं आणि वाचून दाखवली. तुझ्या नावापाशी थांबले."

"थांबले? मग?"

"मग 'इंजि.'सकट नाव वाचलं आणि पुढं वाचत गेले. म्हणाले, बाईंना सांगा, मी येणार."

मी उठून चहा टाकला. चहा देताना परत विचारलं, की नक्की काय म्हणाले. जेवताना दुसऱ्या बाजूनं विचारलं, की काकूंना ते काय वाचून दाखवलं म्हणालीस. अंथरुणं घालताना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते थांबले तेव्हा हसले का गं. पोरीचं उत्तर काही बदललं नाही.